डायल-अप लावलं की ब्रॉडबँड गप्प! एकाच पीसीवर दोन्ही कसं चालवायचं?

हिशेबनीस | १८ जून २००७, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबडमध्ये शेतीऔषधांच्या एका वितरकाकडे मी हिशेब बघते. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, पण ऑफिसात "ताईंना जमतं" म्हणून सगळं माझ्याच टेबलावर येतं.

हेड ऑफिस मुंबईला. रोज संध्याकाळी स्टॉकची फाइल त्यांच्या सर्व्हरवर टाकायची असते, आणि त्यासाठी पीसीतल्या मोडेमवरून त्यांचा ०२२ चा नंबर डायल करावा लागतो. गेल्या महिन्यात मालकांनी ब्रॉडबँड घेतलं. ते वेगळ्या डब्यातून लॅनच्या केबलने त्याच पीसीला जोडलंय. फोनची लाइन एकच आहे.

डायल-अप जोडलं की त्या क्षणी ब्रॉडबँड बंद! मेल येत नाही, साइट उघडत नाही. डायल-अप तोडलं की सगळं पुन्हा सुरू. फाइल जायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि नेमकं तेव्हाच निफाडहून, दिंडोरीहून दुकानदार मोबाइलवर फोन करतात, "मेल केलाय, बघा ना ताई."

शिवाय इंटरनेट एक्सप्लोरर उघडलं की आपोआप डायल करायची चौकट वर येते. रोज कॅन्सल कॅन्सल करून बोट दुखतंय. विंडोज एक्सपी आहे. जाणकारांनो, मदत करा.

सिडकोवाला | १८ जून २००७, रात्री १०:०२

विंडोज फॉरमॅट मारा. ९०% प्रॉब्लेम जातात.

पंचवटीकर | १८ जून २००७, रात्री १०:०५

आणि उरलेले १०% म्हणजे डेटा. तोही जातो.

तारघर | १९ जून २००७, सकाळी ७:१५

ताई, फॉरमॅट अजिबात करू नका. टेलिफोन खात्यात माझी ३१ वर्षं गेली, म्हणून आधी तारेकडे बघतो.

डायल-अप चालू असताना ब्रॉडबँडच्या डब्यावरचा एडीएसएलचा, म्हणजे फोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचा दिवा बघा (काही डब्यांवर त्याच्याशेजारी लिंक लिहिलेलं असतं). स्थिर आहे की मिचमिच करतोय? मिचमिचत असेल तर दोष तारेत. स्थिर असेल तर तार निर्दोष, गुन्हेगार कॉम्प्युटरात. हे कळल्याशिवाय कुणाचंही औषध घेऊ नका.

एक लाइन आहे म्हणून दोन्ही एकत्र चालत नाहीत, असा पुष्कळांचा समज असतो. तो चूक आहे. आपलं बोलणं, फॅक्स आणि डायल-अपच्या मोडेमची किंकाळी हे सगळं ४ किलोहर्ट्झच्या आत बसतं. ब्रॉडबँड त्याच तांब्याच्या जोडीवर साधारण २६ किलोहर्ट्झपासून ११०० किलोहर्ट्झपर्यंत चालतं. दोघांची गाठच पडत नाही. फक्त मध्ये स्प्लिटर (फोन आणि ब्रॉडबँड वेगळे करणारी डबी) हवा आणि पीसीच्या मोडेमची वायर त्याच्या 'फोन' लिहिलेल्या भोकातूनच निघायला हवी. कुणी हुशारीने ती स्प्लिटरच्या आधीच जोडली असेल, तर मोडेमने लाइन उचलली की ब्रॉडबँड डचमळतं.

हिशेबनीस | १९ जून २००७, दुपारी १:३०

काका, जेवणाच्या सुट्टीत करून बघितलं. दिवा एकदम स्थिर. वायरही फोनच्या भोकातूनच आहे. म्हणजे गुन्हेगार पीसीत.

अजून एक विचारते. मोडेमच्या खोक्यावर ५६ के लिहिलंय, पण जोडल्यावर कोपऱ्यात कायम ३१.२ केबीपीएस दिसतं. मोडेम बिघडलाय का? एमजी रोडवरून नवा आणायचा का, असं मालक विचारतायत.

तारघर | १९ जून २००७, दुपारी ४:१०

आणू नका, पैसे पाण्यात जातील. ५६ के हा वेग फक्त उतरताना मिळतो, आणि तोही समोरच्या टोकाला इंटरनेट कंपनीसारखी सरळ डिजिटल लाइन असेल तरच. तुमच्या हेड ऑफिसात बहुधा साधा मोडेम साध्या फोनला लावलेला असणार. दोन्हीकडे साधे मोडेम म्हटल्यावर ३३.६ ही हद्द झाली. त्याखालची पायरी ३१.२. मुंबईपर्यंतच्या एसटीडी कॉलवर ३१.२ मिळतंय म्हणजे लाइन ठणठणीत आहे. आमच्या वेळी २६.४ मिळालं तरी पेढे वाटायचे.

रूटमास्तर | १९ जून २००७, रात्री ११:२०

मूळचा नाशिकरोडचा, सध्या पुण्यात नेटवर्कचं काम करतो. काकांनी अर्धं काम करून ठेवलंय, उरलेलं मी सांगतो.

विंडोजला जोडण्या कितीही चालतात, पण "ज्याचा पत्ता मला माहीत नाही ते सगळं कुठून पाठवू?" या प्रश्नाला एका वेळी एकच उत्तर चालतं. त्याला डिफॉल्ट गेटवे म्हणतात. ब्रॉडबँड चालू असताना ते उत्तर असतं तुमचा डबा. डायल-अप जोडलं की एक्सपी न विचारता ठरवतं की आता सगळं मुंबईमार्गे. तुमचा मेलसुद्धा हेड ऑफिसच्या सर्व्हरकडे जातो, तिथून बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो तिथेच बसून राहतो. ब्रॉडबँड बंद पडलेलं नसतं. त्याला कुणी काम देत नसतं.

डोळ्यांनी बघायचं असेल तर डायल-अप जोडून काळी खिडकी उघडा (स्टार्ट, रन, सीएमडी) आणि रूट प्रिंट टाइप करा. कमांड इंग्रजी अक्षरांत हे सांगायला नको. ०.०.०.० ने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील. उजवीकडच्या टोकाला मेट्रिक आहे. डायल-अपच्या ओळीत १ आणि ब्रॉडबँडच्या ओळीत २१ असेल. लहान आकडा जिंकतो. एरवी ब्रॉडबँडचा २० असतो, डायल-अप आल्यावर एक्सपी त्यात एक वाढवून त्याला मागच्या बाकावर बसवतं.

गंमत म्हणजे हा २० पीसी ते डबा या शंभर मेगाबिटच्या केबलवरून ठरतो. पुढे इंटरनेट किती जोरात धावतं ते विंडोजला ठाऊकच नसतं.

आता इलाज. नेटवर्क कनेक्शन्समध्ये डायल-अपच्या चित्रावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, नेटवर्किंग, इंटरनेट प्रोटोकॉल टीसीपी/आयपी, पुन्हा प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. तिथे 'यूज डिफॉल्ट गेटवे ऑन रिमोट नेटवर्क' समोरची खूण काढा. तोडून पुन्हा डायल करा.

चौकटीचं सोपं आहे. इंटरनेट ऑप्शन्स, कनेक्शन्स, 'नेव्हर डायल अ कनेक्शन'. बोटाला आराम.

हिशेबनीस | २० जून २००७, संध्याकाळी ६:५०

चौकट गेली! देव तुमचं भलं करो.

पण दुसरं अर्धवट झालं. खूण काढली, डायल केलं, मेल चालू राहिला. आता सर्व्हरच सापडत नाही. शेवटी खूण परत लावून फाइल पाठवली, नाहीतर उद्या सकाळी मुंबईचा फोन ठरलेलाच.

पंचवटीकर | २० जून २००७, संध्याकाळी ७:३०

सासू एका खोलीत, सून दुसऱ्या खोलीत. दोघी एकत्र नाहीतच.

ताई, एक तपासून घ्या. आउटलुक एक्सप्रेस वापरता का? त्यात टूल्स, ऑप्शन्स, कनेक्शनमध्ये 'हँग अप आफ्टर सेंडिंग अँड रिसिव्हिंग' अशी खूण असते. आमच्या पेढीत ती लागलेली होती. मेल येऊन गेला की आउटलुक इमानदारीने डायल-अप तोडून टाकायचं, मग दुसरा माणूस त्यावर काहीही करत असो. आम्ही दोन महिने लाइनला शिव्या दिल्या. काका, तेव्हा तुमच्या खात्यालाही दिल्या, माफी असावी.

तारघर | २० जून २००७, रात्री ८:००

सवय आहे.

रूटमास्तर | २० जून २००७, रात्री ११:४५

ताई, तुम्ही अर्धवट म्हणता, पण गाडी अगदी बरोबर रस्त्यावर आहे. आता दोन आकडे द्या. डायल-अप जोडलेलं असताना तुमच्या पीसीला त्या जोडणीवर मिळालेला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकड्यांतला पत्ता (काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप केलं की दिसतो) आणि हेड ऑफिसच्या सर्व्हरचा आयपी.

हिशेबनीस | २१ जून २००७, सकाळी १०:१५

मला मिळालेला १९२.१६८.५०.२१. सर्व्हरचा १७२.१६.२.१०, प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये लिहिलेला सापडला.

रूटमास्तर | २१ जून २००७, दुपारी २:०५

सापडलं. खूण काढल्यावर एक्सपी डायल-अपकडे फक्त त्या आयपीच्या गोतातले पत्ते पाठवतं, म्हणजे १९२.१६८.५० ने सुरू होणारे. तुमचा सर्व्हर १७२.१६ च्या गोतातला. पीसी म्हणाला, हा मला माहीत नाही, जाऊ दे ब्रॉडबँडने. ब्रॉडबँडवरून तो सर्व्हर सात जन्मात सापडणार नाही, कारण १७२.१६ हे खाजगी पत्ते आहेत, इंटरनेटवर चालतच नाहीत.

नाशिककरांना कळेल असं सांगतो. मुंबईचे प्रवासी महामार्ग स्टँडवर, बाकी सगळे ठक्कर बाजारला, अशी पाटी लावायचीय. आत्तापर्यंत आपण एकतर सगळ्यांना महामार्गवर पाठवत होतो, नाहीतर सगळ्यांना ठक्कर बाजारला. पाटी अशी लागते:

रूट ॲड १७२.१६.०.० मास्क २५५.२५५.०.० १९२.१६८.५०.२१

शेवटचा आकडा म्हणजे डायल-अपवर तुम्हाला मिळालेला आयपी. डायल झाल्यानंतरच ही ओळ टाकायची, आधी टाकली तर विंडोज घेणार नाही.

हिशेबनीस | २१ जून २००७, संध्याकाळी ६:२०

झालं!!! फाइल जातेय आणि त्याच वेळी मी इथे लिहितेय. मालक मागे उभे राहून बघतायत. त्यांना काय चाललंय ते कळलं नाही, पण चहा सांगितलाय.

द्राक्षबाग | २१ जून २००७, रात्री ९:१०

धाग्यात घुसतो, माफ करा. पिंपळगाव बसवंतला आमचं द्राक्ष एक्स्पोर्टचं छोटं ऑफिस आहे. सीझन संपला, आता कागदपत्रं निस्तरणं चालू. आमचंही असंच आहे पण उलटं. ब्रॉडबँडची केबल लावलेली असली की डायल-अप जोडतं, पण मुंबईच्या एजंटचा सर्व्हर दिसत नाही. केबल उपटली की दिसतो. खूण लावून बघितली, काढून बघितली, फरक शून्य. सर्व्हर १९२.१६८.१.१० आहे.

रूटमास्तर | २१ जून २००७, रात्री ११:३०

आणि तुमच्या ब्रॉडबँडच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असणार. लावता पैज?

द्राक्षबाग | २२ जून २००७, सकाळी ८:०५

तोच आहे. तुम्ही कुंडलीही बघता का?

रूटमास्तर | २२ जून २००७, दुपारी १:००

कुंडली कशाला, पुष्कळशा डब्यांचा कंपनीतून येतानाच हाच पत्ता असतो. तुमचं ऑफिस आणि एजंटचं ऑफिस दोघंही १९२.१६८.१ च्याच घरात राहतात. तुमच्या पीसीला सांगितलं की १९२.१६८.१.१० शोध, तर तो म्हणतो हा तर आपल्याच ऑफिसात बसलेला असणार, आणि लॅनवर हाका मारत बसतो. जवळचा, नेमका रस्ता माहीत असेल तर डिफॉल्ट गेटवेला कुणी विचारतच नाही, म्हणून त्या खुणेने फरक पडला नाही. केबल उपटली की तो जवळचा रस्ता पुसला जातो आणि सर्व्हर दिसतो.

एजंट त्याचं घर बदलणार नाही. तुम्ही बदला. ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाकून आत जा, लॅनचा आयपी १९२.१६८.७७.१ करा, सेव्ह करून डबा बंद-चालू करा. पीसीला हाताने आयपी दिलेला असेल तर तोही त्याच घरातला द्या आणि गेटवे म्हणून डब्याचा नवा पत्ता. प्रिंटर नेटवर्कवर असेल तर त्यालाही नवा पत्ता लागेल, ते विसरू नका. लोक नेमकं तेच विसरतात आणि मग दुसरा धागा काढतात. नंतर ती खूण काढा आणि ताईंसारखी पाटी लावा, पण तुमच्या सर्व्हरच्या पत्त्याची.

सिडकोवाला | २२ जून २००७, दुपारी ३:२०

इतकं करण्यापेक्षा फॉरमॅट...

पंचवटीकर | २२ जून २००७, दुपारी ३:२१

भाऊ, बसा हो.

हिशेबनीस | २२ जून २००७, संध्याकाळी ७:००

मास्तर, आनंद एक दिवस टिकला. आज तीच ओळ टाकली तर चूक दाखवतंय. आज मला १९२.१६८.५०.२४ मिळालाय. शेवटी २४ घालून टाकली तेव्हा चाललं. रोज आकडा बघून टाइप करायचा का? मी सुट्टीवर गेले तर शिपायाला हे कोण शिकवणार?

रूटमास्तर | २३ जून २००७, सकाळी ९:३०

हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्यांना सांगा की आमच्या युजरला ठरावीक आयपी द्या. विंडोजचा सर्व्हर असेल तर युजरच्या प्रॉपर्टीजमध्ये डायल-इन नावाच्या पानावर ती सोय असते. (आणखी सुंदर उपाय म्हणजे त्यांनी डायल-इनवाल्यांना १७२.१६ मधलेच पत्ते वाटायचे. मग एक्सपी स्वतःच अख्खं १७२.१६ डायल-अपकडे वळवतं, पाटीची गरजच उरत नाही. पण हेड ऑफिस नाशिकच्या ताईंसाठी एवढं करेल असं वाटत नाही.)

ठरावीक आयपी मिळाला की नोटपॅडमध्ये दोन ओळींची बॅच फाइल करा, म्हणजे उघडली की आतल्या कमांड ओळीने चालवणारी फाइल. पहिल्या ओळीत रासडायल (डायल करायची कमांड), पुढे जोडणीचं नाव, युजर, पासवर्ड. दुसरीत ती रूट ॲडची ओळ. डेस्कटॉपवर ठेवा, शिपायाने डबल क्लिक केलं की झालं. तोडलं की पाटी आपोआप पुसली जाते. एकच वाईट आहे, पासवर्ड त्या फाइलमध्ये उघडा पडतो. मला ते आवडत नाही, पण पर्याय सांगितल्याशिवाय नाही म्हणणं सोपं असतं.

तारघर | २३ जून २००७, सकाळी १०:१०

विषयाबाहेरचे दोन शब्द. मोडेमच्या लाइनवर कॉल वेटिंग असेल तर बंद करून घ्या, मधल्या टकटकीने डायल-अप तुटतं. ऑफिसात ईपीएबीएक्स (ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज) असेल तर नंबराआधी शून्य आणि स्वल्पविराम घाला. एक स्वल्पविराम म्हणजे मोडेम साधारण दोन सेकंद थांबतो, तेवढ्यात बाहेरची लाइन मिळते. आणि पावसाळा तोंडावर आहे. आभाळ गडगडलं की फोनची वायर आणि विजेचा प्लग दोन्ही काढा. नुसता पीसी बंद करून भागत नाही, वीज तारेतून येते.

पंचवटीकर | २३ जून २००७, सकाळी ११:४५

काका, लोडशेडिंगमध्ये मात्र आम्हाला डायल-अपनेच तारलं. पीसी यूपीएसवर, पण ब्रॉडबँडचा डबा भिंतीतल्या प्लगला. वीज गेली की डबा मेला, फोन मात्र जिवंत. तेवढ्यात लासलगावचे कांद्याचे भाव बघून घेतो.

तारघर | २३ जून २००७, दुपारी १२:३०

फोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळतात, तिथे बॅटऱ्यांची मोठी रांग असते. तुमच्या घरातल्या विजेशी त्याचा संबंध नाही. पण अहो, डब्याची पिनही यूपीएसमध्येच खोचा की! तो खातो किती? पीसीच्या मानाने काहीच नाही.

पंचवटीकर | २३ जून २००७, दुपारी १२:४१

...हे दोन वर्षांत कुणालाच सुचलं नाही.

रूटमास्तर | २४ जून २००७, रात्री १०:००

एक गोष्ट मी आधीच बोलायला हवी होती. ताई, तुमचा पीसी आता एका हाताने इंटरनेटला आणि दुसऱ्या हाताने हेड ऑफिसच्या आतल्या नेटवर्कला धरून उभा आहे. एक्सपी इकडचं पॅकेट तिकडे स्वतःहून पोचवत नाही, ती सोय मुळात बंद असते. पण पीसीतच किडा शिरला तर त्याला दोन्ही घरं उघडी. २००३ चा ब्लास्टर आणि २००४ चा सॅसर आठवा. मेलसुद्धा न उघडता, नुसते जोडलेले असल्यामुळे पीसी पडले होते.

तेव्हा एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आहे ना ते बघा, त्यातली फायरवॉल दोन्ही जोडण्यांवर चालू ठेवा, डायल-अपच्या प्रॉपर्टीजमधून फाइल अँड प्रिंटर शेअरिंगची खूण काढा. आणि मुंबईला हे सांगून करा, चोरून नको. विंडोजने सुरुवातीला सगळी वाहतूक एकाच बाजूला वळवली, त्याचा आपल्याला राग आला, पण त्यात हा एक फायदा होता.

सिडकोवाला | २४ जून २००७, रात्री १०:३०

डायल-अप सोडून ब्रॉडबँडवरून व्हीपीएन (इंटरनेटमधूनच हेड ऑफिसपर्यंत खाजगी वाट) करा ना. एसटीडीचा खर्च वाचेल.

रूटमास्तर | २४ जून २००७, रात्री १०:३८

आज पहिल्यांदा तुमच्याशी शंभर टक्के सहमत. फक्त मुंबईकडेही कायमची इंटरनेट जोडणी हवी. आणि व्हीपीएनच्या सेटिंगमध्येही तीच खूण असते बरं का, तीही तितकीच छळते.

द्राक्षबाग | २५ जून २००७, संध्याकाळी ५:१५

डब्याचा पत्ता बदलला. केबल लावलेली असताना सर्व्हर दिसला. मग प्रिंटर बंद पडला. मग तुमचं वाक्य आठवलं. या दिवाळीनंतर पिंपळगावला या, पहिल्या तोडणीची पेटी तुमची.

हिशेबनीस | २८ जून २००७, संध्याकाळी ७:४०

उशिरा लिहितेय. मुंबईच्या साहेबांना फोन केला. आधी रागावले, "दोन्ही एकत्र कुणाला विचारून लावलं?" मास्तरांनी सांगितलेलं सगळं वाचून दाखवलं, फायरवॉल, शेअरिंग, सगळं. मग गप्प झाले आणि म्हणाले, हे तुम्हाला कुणी सांगितलं? ठरावीक आयपी दिलाय, १९२.१६८.५०.९. अट एकच, फाइल गेली की लगेच तोडायचं.

आज २.४ एमबीची फाइल होती, ११ मिनिटं लागली. तेवढ्यात दिंडोरीच्या दुकानदाराच्या मेलला उत्तरही दिलं. बॅच फाइलचं नाव 'मुंबई' ठेवलंय. शिपायाला दाखवलं, तो म्हणाला, "एवढंच? मग ताई, तुम्ही रोज काय टाइप करत होता?"